बिनफळाची तुती

अर्ज मीच भरला होता, कौन्सिलच्या उद्यान खात्यात:
झाड: तुती. संख्या: एक.
निमित्त: तुर्की स्थलांतराची पन्नास वर्षं.
जात: फळ न धरणारी.
(फळं पडली की फुटपाथ रंगतो, म्हातारी माणसं घसरतात,
विमेवाले ऐकत नाहीत.)

मेलबर्नच्या उत्तरेला, वाचनालयासमोर,
महापौरांनी कोऱ्या फावड्यानं तीन वेळा माती लोटली.
टाळ्या. गार झालेलं बोरेक.
पितळी पाटी: पाहुणे म्हणून आले, घरचे झाले.
आईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.
'पाहुण्याला कुणी रात्रपाळी लावतं?' म्हणाली.

बाबांचं नाव दुर्मुश.
आधीची तीन पोरं गेली
म्हणून आजीनं नाव ठेवलं: 'राहिला'.
दोन वर्षांच्या करारावर त्यांनी सही केली,
आईनं खाली अंगठा उठवला,
आणि एकतीस वर्षं ते मोटारींना दारं बसवत राहिले.
दार लावायचे, कान द्यायचे,
आवाजावरून कळायचं, नीट बसलं की नाही.
योझगातहून येताना सुटकेसमध्ये, ओल्या फडक्यात,
कस्टमच्या माणसाला न सापडलेली एक फांदी.
ती परसात अजून आहे.
ते नाहीत.

ऑगस्टमध्ये, इथल्या उलट्या हिवाळ्याच्या शेवटी,
रात्री अकराला आई माझ्या दारात.
हातात त्या झाडाच्या पाच काड्या, कांदा चिरायची सुरी,
सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या.
'बॅटरी धर. आणि नोकरीचं नाव काढू नकोस.'

करारात कलमं होती एकोणीस.
हे विसावं.

गुडघ्यावर बसून तिनं साल उकलली,
काडी सरकवली, पट्टी आवळली,
मग बोटानं दाबून
खोडाला कान लावला.

तिसऱ्या डिसेंबरात तक्रार आली, माझ्याच टेबलावर:
स्मारकवृक्षाखाली डाग. कुत्र्याचे पंजे जांभळे.
शाळा सुटली की पोरं पाटीवर पाय देऊन चढतात,
कुणाकुणाची, सोमाली, व्हिएतनामी, आमची,
आणि काळ्या तोंडानं बसमध्ये बसतात.
कारण कळवावे. उपाय कळवावा.

जेवणाच्या सुट्टीत पाहणी करून आले.
पाहणी म्हणजे मूठभर.

कारणाच्या रकान्यात लिहिलं: चौकशी चालू.
उपायाचा रकाना कोरा सोडून कागद उचलला
तर कोपऱ्यात माझा अंगठा उठलेला,
जांभळा.
पुसायला गेले नाही.
राहिला.