डाव्या कानाखाली

भाचीने वाढदिवसाला कूपन दिलं :
साठ मिनिटं, एका व्यक्तीसाठी, तीस तारखेनंतर रद्द.
मी फुकट घालवणाऱ्यातली नाही.
प्रभादेवीला, दातांच्या दवाखान्याच्या वर,
चपला काढून आणखी चार पायऱ्या,
आणि तिथे एक फॉर्म.
फॉर्मवर माणसाची आकृती, पुढून एक, मागून एक,
चेहरा नसलेली.
'जिथे ताण आहे तिथे खूण करा.'
मी गुडघ्यांवर फुल्या मारल्या.
गुडघे सांगायला बरे असतात,
कुणी पुढचं विचारत नाही.

खोलीत गवती चहाचा वास.
स्पीकरमधून समुद्र,
सालस, दर सात लाटांनी पुन्हा पहिली.
खरा समुद्र पाच मिनिटांवर आहे,
त्याला असं वळण कुणी लावलेलं नाही.

मुलीच्या छातीवर पाटी : रोझी.
"प्रेशर ठीक है, आंटी?"
ठीक आहे म्हटलं. टेबलाच्या भोकात तोंड घालून
माणूस दुसरं काय म्हणणार.
खाली तिची पावलं दिसत होती,
पांढरे मोजे, एका अंगठ्याशी रफू.

तेल कोमट. आधी पाठ, मग खांदे,
आणि मला आठवेना
इतक्या सावकाश शेवटचा हात कुणी लावला होता,
रक्तदाब मोजणारे सोडून.
हे गेल्याला नऊ वर्षं झाली.

मग तिचा अंगठा डाव्या कानाखाली थांबला.
"यहाँ क्या रखा है?"
रखा है, म्हणाली. जसं काही मीच
फडताळात ठेवून विसरले.

काय ठेवलंय, बाई.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज.
मान डावीकडे, हात बोर्डावर,
दिवा लागला की कॉर्ड, कॉर्ड लागली की आवाज.
नागपूर लागलं, बोला. इंदूर एंगेज आहे.
कुणाकुणाला मुलगे झाले ते माझ्या कानातून झाले.
लायटनिंग कॉल, आठपट दर,
म्हणजे कुणीतरी गेलं, किंवा जातंय,
आणि घड्याळाकडे बघत मध्येच मी :
तीन मिनिटं झाली. वाढवायची?
एक माणूस, कोल्हापूरहून, नुसता श्वास घेत होता,
पलीकडे बायको, अहो बोला ना, बोला.
तीन मिनिटं झाली, म्हटलं मी.
आणखी तीनचे पैसे त्याच्याकडे नव्हते.
कॉर्ड काढली.

तेच असेल तिथे, सुपारीएवढं.

अंगठा फिरत राहिला. दुखलं,
मग वेगळं दुखलं,
मग त्या भोकातून थेट जमिनीवर
मोज्याच्या शेजारी एक थेंब.
तिने पाहिला असणार. पाय जरा बाजूला घेतला,
एवढंच.

टिंग. साठ मिनिटं.
मी उठायच्या तयारीत.
तिने हात काढला नाही.
घड्याळ गप्प केलं आणि तिथेच, कानाखाली.
मोजायचं नाही म्हटलं, तरी मोजलंच,
खोड जात नाही : चार मिनिटं वर.
वाढवायची का, कुणी विचारलं नाही.

बाहेर तिने पाणी दिलं, तुळशीचं.
खरं नाव काय गं तुझं?
लाजली. लालरिनमुआनी.
ऐजॉलच्या पुढे अजून सहा तास, म्हणाली.
मी परत म्हणून दाखवलं, तुकड्यातुकड्याने,
परगावची नावं चुकू नयेत म्हणून
आम्ही म्हणायचो तसं :
लाल. रिन. मुआनी.
"बरोबर," ती म्हणाली, मराठीत.

ऐजॉल. आमच्या बोर्डावर थेट लागायचं नाही ते.
कलकत्त्याहून घ्यावं लागे,
मग गुवाहाटी, मग सिल्चर, मग बराच वेळ
नुसती खरखर.

जिना उतरताना मान उजवीकडे वळवून पाहिली.
वळली, थोडी.
केसांत तेल तसंच. बसमध्ये शेजारची बाई
जरा सरकून बसली.