घासलेली किल्ली

संकेश्वरच्या बाजारात ओम्नीत बसलो,
किल्ली फिरली, गाडी सुरू झाली.
हत्तरगी आली तरी
आरसा काही डोळ्याला जुळेना.
मग बघितलं:
दवाखान्याची फाईल, वर कन्नडमध्ये नाव,
मागच्या सीटवर लहान मुलाची चप्पल,
एकच.

तसाच मागं फिरलो.
माझ्या गाडीला टेकून गुरसिद्ध कमतगी उभा.
‘नंदरी ती,’ म्हणाला, शांतपणे.
त्याच्या किल्लीनं माझं दार उघडलं होतं म्हणे,
आत तंबाखूचा वास आला
म्हणून बसला नाही.

चहा त्यानंच पाजला.
दोन्ही किल्ल्या टेबलावर, बशीशेजारी;
उचलताना दोघंही
जरा थांबलो.

चपलेचं विचारायचं राहिलं.
कन्नडात शब्द होते की माझ्याकडं,
तरी.