सहा नंबर

रात्री साडेबाराला, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
सुताच्या खोक्याला टेकवून मी फोन उभा करतो.
आवाज बंदच. तसाही इथं कुणाचा आवाज कुणाला येतो.

तिकडं बेल्जियममध्ये आठ वाजलेत, धुकं पडलंय,
दुसऱ्या डिव्हिजनची मॅच,
स्टँडमध्ये आपल्या पार्क मैदानावर
शाळेच्या फायनलला असतात तेवढीच माणसं.
आणि मधोमध तो.
बूरेमा तियेंद्रेबेओगो.
नाव पाठ व्हायला मला दोन पगार लागले.

यल्लय्या खांद्यावरून डोकावतो,
"काय बे, गोल तरी मारतंय का कधी हे?"
नाही मारत.
दोनशे अकरा मॅच, एक नाही.
बॉल येतो, हा अर्धा वळतो, देऊन टाकतो,
आणि दिल्यावर जिथं भोक पडणार
तिथं आधीच जाऊन उभा.
माझा बाप धोट्याच्या लूमवर म्हातारा झाला.
चादरीवर मोर दिसतो, धोटा कुठं दिसतो?
हे मी यल्लय्याला बोललो नाही.
असलं काही बोललं की तो चहाचे पैसे मागतो.

बोबो-दियुलासो त्याचं गाव. शोधून पाहिलं.
लाल माती, कापसाच्या गाठी,
गाठींवर बसून चाललेली पोरं.
सतराव्या वर्षी निघाला तो, आधी नॉर्वे.
बर्फातला एक फोटो आहे,
जॅकेट दुसऱ्याचं, बाह्या बोटांपर्यंत,
हसतोय, म्हणजे हसायला सांगितलंय.

एकदा त्याच्या दंडाला काळी पट्टी होती.
बाकी दहा जणांना नव्हती.
कुणी काही सांगितलं नाही.
त्या रात्री त्याने एकही पास चुकवला नाही
आणि मी दोन टॉवेल खराब काढले.

जानेवारीत इकडं गड्डा भरतो,
तिकडं माणसांचा बाजार.
मी पोरीला घेऊन पाळण्याच्या रांगेत होतो
तेव्हा कळलं, त्याला सायप्रसला दिला.
उसना.
आमच्या चाळीत शिडी देतात उसनी,
गॅसची टाकी देतात.
सहा महिन्यांनी परत आला तो, गुडघा बांधून.
त्या वर्षी आमचे जुने लूम भंगारात गेले,
किलोवर.

परत खेळायला लागला तेव्हा साठाव्या मिनिटाला काढायचे.
बाहेर येऊन बसायचा, डोक्यावर पांढरा टॉवेल.
मी चित्र थांबवून मोठं करून पाहिलं,
काठ पाहिला, शिवण पाहिली.
आमच्या शेडचा माल जातो तिकडं, कंटेनर भरून.
पण पांढऱ्या टॉवेलला गाव नसतं.
दोन बोटांनी कितीही ताणा,
शेवटी नुसते चौकोन दिसतात.

आणि मग ती मॅच. दोनशे बारावी.
चौऱ्याहत्तरावं मिनिट,
चार नंबरच्या लूमचा ताणा तुटला.
चाळीस-एक धागे. एकेक शोधायचा, गाठ मारायची,
थुंकी लावून पिळायचा, फणीतून काढायचा.
परत येऊन पाहतो तर
कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी माणसांचा ढीग,
ढिगाखालून एक हात वर आलेला.
हात ओळखला मी.

यल्लय्याने सकाळी कुठून तरी तुकडा मिळवून पाठवला,
"घे लका, मारला तुझ्या माणसाने."
एकोणीस सेकंद.
मी उघडला नाही.

आता त्याचा करार संपलाय म्हणे. एकतीस वय.
मैदानात कुठंच दिसत नाही,
सहा नंबर दुसराच कुणी घालतो,
गोरा पोरगा आहे, वाईट नाही, पळतो फार.

"बघितला का बे?" यल्लय्या अजून विचारतो.
बघतो म्हटलं, बघतो.
घाई काय आहे.
चार नंबर परत थांबलाय, जाऊन येतो.