एकविसावा गोटा

सभेचं रजिस्टर माझ्याकडे असतं,
म्हणून मला ठाऊक आहे कोण कोण आलं होतं.
पुरातत्त्वचे साहेब, छत्री आणि मोजपट्टी घेऊन.
पर्यटन महामंडळाची एक तरुण मुलगी,
तिच्या लॅपटॉपात आमचा बोरधरा आधीच हिरवागार.
बचत गटाच्या शेवंताबाई लांजेवार,
पन्नास ताटं पाटोडी-रश्शाचा हिशेब पदराला बांधून.
सरपंचाचे साळे भोजराजभाऊ. हायवेला ढाबा,
आणि तहसिलीत ज्यांचा फोन
दुसऱ्या रिंगला उचलतात.

विषय: टेकडीमागची शिळावर्तुळं.
लोखंडाच्या काळातले मेलेले तिथे निजलेत
आणि जगाला ते बघायचेत,
स्वच्छतागृहासह.

कवडू नेवारे सभेत नव्हता.
बाहेर लिंबाखाली, बकऱ्या राखत.
तरी तीनदा कोणी ना कोणी उठून त्याच्याकडे गेलं.
खळगे कोरलेला दगड कोणता?
पावसाळ्यात कोणत्या धुऱ्यानं जाता येतं?
नाल्यापल्याड आणखी आहेत का?
तो सांगायचा.
आत आल्यावर ते आत येणाऱ्याच्या नावावर लागायचं.
लावणारी मीच.

चहा येईस्तोवर मागच्या पानावर रेघा ओढल्या,
कोण कोणाला ओळखतं त्याच्या.
साहेबांची भोजराजभाऊंकडे, भाऊंची तहसिलीत,
तिथून कंत्राटदाराकडे, कंत्राटदाराची परत भाऊंकडे.
शेवंताबाईंची एकच रेघ, ढाब्यापाशी संपली:
ताटं तिथंच विकायची ठरली.
कोळ्याचं जाळं बरं.
त्यात कोळी दिसतो तरी.

दिवाळीनंतर पाटी लागली.
बाण ढाब्यावरून वळसा घेतो, तीन किलोमीटर जास्त.
पांधणीनं निघालेला माणूस
बिडी विझायच्या आत पोचतो.

पहिली बस नाल्यात फसली.
मग कवडूच लोकांना घेऊन गेला, बाणाला पाठ करून.
पहिल्याच वर्तुळात एका पोरानं दगड मोजले.
वीस. एकमेकांना न शिवता गोल बसलेले.
अन् इथं फट कशी?

"एक गोटा माह्या घरी हाय," कवडू म्हणाला.
"बापानं कोठ्याच्या उंबऱ्याले लावला, बैल घसरे म्हणून.
मी म्हन्तो आणून ठेवतो,
तं सायेब म्हन्ते, संरक्षित जागेत
बाहेरचा दगड चालत नाही."

बाहेरचा.

अर्ज मी लिहून दिला.
सध्या तो टेबलावरून टेबलावर जातोय.
टेबलं एकमेकांना चांगली ओळखतात.

परवा त्याचा अंगठा घ्यायला गेले.
कोठ्यात अंधार, कुटाराचा वास,
आणि दारात तो, खुरांनी झिजून तुळतुळीत झालेला,
त्याच्यावर हनुवटी टेकून वासरू झोपलेलं.
चप्पल काढली. पाय उचलला.
ओलांडायचा कसा, कळेना.

"या ना बाई," आतून कवडू म्हणाला,
"थांबल्या काहून?"