पूर्ण तपासणी

साडेअकरा वाजले की तो उठतो.
त्याआधी घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात
हिरवी ढाल धरून नुसता बसलेला,
वर्षाचे अकराशे घेऊन.
साडेअकराला उठतो
आणि माझा माऊस चिखलातून चालायला लागतो.

घणसोलीत, तळवलीकडे वळताना,
रसवंतीला लागून माझा गाळा.
पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, दशक्रियेचे कागद,
बारशाला बाळ कमळात बसवून मिळेल.
मशीनच्या पोटातला पंखा आत्ता असा घोंगावतोय
की शेजारच्या घुंगरांनी गप्प बसावं.

समोर स्टुलावर चांगुणाबाई मढवी.
भाच्याची हळद. रविवारी पत्रिका वाटायला हवी.
नावं एकशे बारा.
त्यातलं एक चुकलं तर तो माणूस जेवायला येत नाही,
आणि का आलो नाही ते
नातवंडांना सांगून ठेवतो.
मी 'गजानन' टाइप केलं.
पडद्यावर 'गजा' आला.
उरलेला वाटेत आहे.

राबाळ्याचा सर्वेश परवाच म्हणाला,
"काका, चोर परवडला, हा राखणदार नको. काढून टाका."
त्याला काय माहीत.
त्या वर्षी ऐन वैशाखात
कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आलं,
आणि सगळी फोल्डरं शॉर्टकट होऊन बसली.
कुठेही बोट ठेवा, दार उघडेना.
सोळा लग्नं आत अडकली होती.
सोळा घरच्या शिव्या मी याच खुर्चीत खाल्ल्या.
तेव्हापासून राहू देतो त्याला.

आता करायचं काय, म्हणून खालची पट्टी बघत बसतो.
तो एकेक फाइल उचलतो, हुंगतो, ठेवतो.
काळूराम_हळद
काळूराम_मुलगा_बारसं
काळूराम_गॅरेज_उद्घाटन
काळूराम_दशक्रिया
फोटो चारही वेळा तोच.
शेवटच्या वेळी मुंडावळ्या मीच पुसल्या,
कपाळ जुळवायला तासभर लागला.
पट्टी म्हणते, स्वच्छ.

मग
हेमांगी_शेवटची
हेमांगी_शेवटची_खरंच
इथे तो थांबतो.
मोठी फाइल आहे, म्हणून.
मीच मोठी केली होती; पोरीच्या पत्रिकेत
मोर घातले होते, दोन्ही बाजूंना,
गिऱ्हाइकाला सांगतो तसं कुणी मला सांगितलं नाही
की मोर जास्त होतायत.
ती छापलीच नाही.
तिने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
सोनेरी कडेचा कागद आणून ठेवला होता,
त्याच्या पाठीवर अजून उधारी लिहितो.
पट्टी हलत नाही.
पंखा ओरडतोय.
दिवसातून एकदा, रोज, कुणीतरी ती फाइल
पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत वाचतं,
आणि तो मी नाही.

स्वच्छ.
पुढे सरकला.

"झालं का रं?"
"मशीन तपासतंय, मावशी."
"काय हरवलंय?"
"काही नाही. रोजच तपासतं."
त्या हसल्या नाहीत.
पदराचं टोक बोटाला गुंडाळत
रस्त्यावरच्या टेम्पोकडे बघत राहिल्या.
मशीन नेहमीसारखं पळालं असतं
तर एव्हाना पैसे देऊन रिक्षात बसल्या असत्या.

"एक नाव रायलं," म्हणाल्या.
"कुणाचं?"
"सुगंधाचं. माझी नणंद. दिव्याला असते."
मग बराच वेळ काही नाही.
"अकरा वरसं बोलणं नाय.
घाल. निमंत्रकांत नको. पण घाल."

बाराला पाच कमी असताना पंखा उतरला.
चौकट आली: अठ्ठेचाळीस हजार फाइल तपासल्या,
एकही धोका सापडला नाही.
खाली बारीक अक्षरांत: मुदत संपायला तीन दिवस.
'नंतर आठवण करा' दाबलं.
आणि अडकलेली सगळी अक्षरं
एकदम पडद्यावर येऊन पडली,
गजानन, गजानन, गजानन,
मीच वैतागून परत परत दाबलेला.

दोन खोडले.
मढव्यांच्या ओळीत सुगंधाबाईंना जागा केली.
एक नाव वाढलं
की खालची सगळी सरकतात.
आता पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली आहेत.