सलासी

गुजरीत पहाटे शटरं अजून खाली असतात
तेव्हा जैनबी येते.
हातात कुंचा, काखेत पत्र्याचं सुपलं,
आणि गटाराच्या कडेनं
कालच्या दिवसाचं सोनं झाडून घेते.

मी पेढीवरचा कारकून. चाव्या माझ्याकडे.
कस किती, घट किती, सगळं माझ्या वहीत;
वहीत जे येत नाही
ते जैनबीच्या पोत्यात.

वाचनालयाच्या एका फाटक्या पुस्तकात
मला सलासी भेटले.
आल्प्सच्या खोऱ्यातली गॉल माणसं, दोन हजार वर्षांपूर्वीची.
नदीला पाट काढून ती रेती धुवायची
आणि खालच्या अंगाची पिकं वाळायची.
मग भांडणं.
(हे तर आपल्याच पट्टीतलं. पाळीपत्रक नव्हतं, एवढंच.)

रोमनं खाणी घेतल्या.
वरचं पाणी सलासींच्याच हातात राहिलं, ते त्यांनी रोमला विकलं.
खिंडीतनं पळणाऱ्या सेनापतीकडून
माणशी एक नाणं मोजून घेतलं.

शेवटी लिलाव.
छत्तीस हजार माणसं, एका गावात,
आपल्याकडं गुळाच्या रव्यांचा सौदा निघतो तशी
ओळीनं मांडलेली.
पुस्तकात आकडा आहे. सोबत नावांची यादी नाही.

टाउन हॉलच्या काचेत
ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला समुद्रदेव आहे,
तिकडचाच, वीतभर, पितळी रंगाचा.
त्याला इथवर आणणाऱ्याच्या कमरेला
सलासींच्या वाळूतला एखादा कण असेल का,
आटत आटत आज कुणाच्या बुगडीत?
कसोटीचा दगड एवढं सांगत नाही.
तो फक्त कस सांगतो.

जैनबीला मी हे सगळं सांगितलं.
ती घमेल्यात राख हलवत होती.
पाणी गोल फिरवून, तिरकं करून, सोडून देत.
म्हणाली, "समदीच इकली म्हणता,
मग रेती कोण धूत हुतं?"

पुस्तकात ते नव्हतं.

समोरच्या खांबावर महापालिकेची नोटीस:
गुजरीतली गटारं बंदिस्त होणार.
तिला वाचता येत नाही; मी वाचून दाखवली नाही.
ती म्हणाली, "मामा, जरा सरका, उजेड अडतोय."
मी सरकलो.
तिनं ओलं बोट घमेल्याच्या तळाशी टेकवलं
आणि उचलून
माझ्या डोळ्यांपुढं धरलं.