प्रकरण प्रलंबित

मे महिना. कूलरच्या वाळ्यावर पाणी मारून झालं होतं,
तरी सिव्हिल लाइन्सच्या त्या रेकॉर्ड रूममध्ये
रजिस्टरांची पानं भाजल्या पापडासारखी वाजत होती.
गोळीबार चौकातले देवमन निखारे
तिसऱ्यांदा आले.
"मॅडम, एकडाव अजून पाहून द्या नं जी.
असन कुठीतरी."

त्यांचा पणजोबा घरजावई गेलेला.
माग सासऱ्याचा, घर सासऱ्याचं,
कोतवालाच्या वहीत आडनावही सासऱ्याचंच.
तिथून पुढची सगळी वंशावळ
तुटल्या धाग्यासारखी लोंबत होती,
आणि मुलीच्या कॉलेजची शेवटची तारीख सोमवारची.

मी बोलले नाही. बर्जिल्लय आठवला.

शब्बाथच्या दिव्यापाशी पप्पा सांगायचे:
बाबेलहून माणसं परतली तेव्हा
देऊळ म्हणजे राखेचा उंचवटा.
राजा नाही, तट नाही.
दगड पुन्हा रचता येतो, लाकूड तोडून आणता येतं,
पण वेदीपाशी उभा राहणारा हात कुणाचा,
हे दगडाला कसं विचारायचं?
परक्या भाषेत भाकर मागता मागता
बापाचं, त्याच्या बापाचं नाव
ज्यांनी पोटाशी बांधून आणलं
त्यांच्याजवळ तेवढंच देऊळ शिल्लक होतं.

म्हणून याद्या वाचल्या. उंटसुद्धा मोजले, गाढवंसुद्धा.
बर्जिल्लयच्या पोरांचं नाव निघालं नाही.
आजा सासरचं नाव लावून बसलेला.
सुभेदार म्हणाला, पवित्र अन्नाला शिवू नका,
कौल लावणारा याजक उभा राहीपर्यंत.

म्हणजे नाही म्हणाला नाही.

पुढे कौल लागला का?
पप्पांनाही ठाऊक नव्हतं.
आमच्या तर याद्याच नौगावच्या समुद्रात गेल्या.
गावाचं नाव आडनावाला लावून आम्ही तेल गाळलं,
शनिवारी घाणा बंद, एवढाच दाखला.
याजकाचं घर आमच्यात कुठलं, कुणी सांगत नाही.
मी झिराडकर. झिराड मी पाहिलेलं नाही.
एकतीस वर्षं नागपुरात
दुसऱ्यांचे पणजोबे शोधून देते.

"आढळून येत नाही"चा शिक्का हातात होता.
पॅड उन्हानं वाळलेलं.
मी तो खाली ठेवला.
"वरच्या फळीवर एक गठ्ठा आहे, वाळवी लागलेला.
कुणी उघडत नाही. शिडी धरता?"

शिडी धरण्याआधी
निखाऱ्यांनी दाराशी जाऊन
चपला काढल्या.